शाळांची शींव कोणत्या न्यायानें हलवावी?

शेताचा बांध कोरणें हें आमच्या खेड्यांत पाप समजलें जातें. रात्रीच्या वेळीं हातभर बांध सरकविणाऱ्या मनुष्यास गांव सहसा क्षमा करीत नाहीं. कारण ती हातभर जमीन म्हणजे शेजाऱ्याच्या पोटांतला घांस, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु ज्या शिवेच्या एका अंगास उत्तम शाळा व दुसऱ्या अंगास गळकी शाळा आहे, ती शींव भरदिवसा, कायद्यानें, अर्ज करून व मतें घेऊन कोणी हलवूं लागल्यास त्यास काय म्हणावें? ती सोय कीं स्वार्थ, सुधारणा कीं फाळणी, हें कोणत्या मापानें ठरवावें? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो वारंवार उपस्थित होतो, आणि तेथील कायदेमंडळांनीं व न्यायालयांनीं त्यासाठीं कांहीं निश्चित निकष घालून दिलेले आहेत. हे निकष कोणते, ते कोणत्या अनुभवांतून निघाले व ते पुरेसे आहेत काय, याचा विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. विषय परक्या देशाचा असला तरी त्यांतील न्यायाचें तत्त्व सर्वत्र सारखेंच लागू पडणारें आहे.

प्रथम तेथील शाळा-जिल्हा म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. आपल्याकडे जिल्हा म्हटला म्हणजे कलेक्टरची कचेरी डोळ्यांपुढें उभी राहते. अमेरिकेंतील शाळा-जिल्हा ही त्याहून अगदीं निराळी संस्था होय. बहुतेक संस्थानांत ती नगरपालिकेपासून स्वतंत्र असते. तिचें मंडळ बहुधा लोकच निवडून देतात. शिक्षक नेमणें, अभ्यासक्रमाची व्यवस्था लावणें, इमारतींसाठीं कर्जरोखे काढणें व स्थानिक मालमत्ता-कराच्या उत्पन्नावर चालणें, हीं तिचीं कामें होत. १९३९-४० सालीं त्या देशांत अशा जिल्ह्यांची संख्या १,१७,००० हून अधिक होती. एकेका खोलीची एकेक शाळा व तिचें स्वतंत्र मंडळ, असा तो प्रकार असे. पुढें लहान लहान मंडळें एकत्र करण्याची मोठी लाट आली, व १९७०-७१ पर्यंत ही संख्या १८,००० च्या आंत आली. आज ती १३,००० च्या आसपास आहे. म्हणजे शाळांच्या शिवा या देवानें आंखलेल्या रेषा नव्हत. त्या माणसांनीं आंखल्या, माणसांनीं पुसल्या व माणसेंच त्या पुन्हा आंखूं पाहतात.

या रेषेचें महत्त्व किती, हें एका उदाहरणावरून आमच्या व्यापारी वाचकांच्या तत्काळ ध्यानांत येईल. टेक्सस संस्थानांतील सान अँटोनिओ शहराच्या परिसरांत एजवुड व अलामो हाइट्स असे दोन शाळा-जिल्हे आहेत. एजवुड हा गरिबांचा, बहुतांशीं मेक्सिकन वंशाच्या लोकांचा. अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. १९६७-६८ सालीं एजवुडच्या लोकांनीं दर शंभर डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट या दरानें कर भरला. हा दर त्या सर्व परिसरांत सर्वांत चढा होता. संस्थानच्या पायाभूत योजनेंतील आपला वांटा दिल्यावर त्यांच्या हातीं दर मुलामागें उरले अवघे २६ डॉलर. अलामो हाइट्सनें दर शंभरीं फक्त ८५ सेंट कर बसविला व त्याच्या हातीं दर मुलामागें ३३३ डॉलर उरले. ज्यानें अधिक झीज सोसली त्याच्या पदरीं कमी पडलें, व ज्यानें कमी दिलें त्याच्या पदरीं बारा-तेरापट आलें. हा चमत्कार कोणी लबाडी करून घडविलेला नव्हता. तो केवळ त्या शिवेनें घडविलेला होता. एजवुडच्या पालकांनीं दाद मागितली. परंतु १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. शिक्षण हा राष्ट्रीय घटनेनें स्पष्टपणें दिलेला मूलभूत हक्क नाहीं, असें बहुमतानें ठरलें.

अशा स्थितींत शिवेजवळच्या वस्तीस आपण पलीकडच्या जिल्ह्यांत असतों तर बरें, असें वाटूं लागल्यास नवल नाहीं. आणि असें वाटणाऱ्या सर्वांस स्वार्थी ठरविणें हा अन्याय होईल. एखादी नवी वस्ती ओढ्याच्या ज्या अंगास उभी राहिली त्या अंगाची शाळा हाकेच्या अंतरावर, परंतु जुन्या नकाशाप्रमाणें मुलांना जावें लागतें डोंगर ओलांडून दुसऱ्या गांवीं. पावसाळ्यांत रस्ता बंद. खेळगडी, दुकानें, दवाखाना, सर्व व्यवहार इकडे व शाळा मात्र तिकडे. अशा वस्तीनें शींव बदलून मागितली तर ती मागणी सरळ आहे. उलट, चांगली शाळा आहेच, अंतरही फार नाहीं, परंतु त्या शाळेंत अलीकडे गरिबांचीं व अन्य वर्णांचीं मुलें वाढलीं आहेत, किंवा पलीकडच्या जिल्ह्याचें नांव लागल्यास घराची किंमत चढेल, म्हणून केलेली मागणी वरून अगदीं पहिल्यासारखीच दिसते. अर्जाचा कागद तोच, भाषा तीच, ‘मुलांच्या हिताचा’ दाखला तोच. या दोहोंतील भेद ओळखणें, हेंच निकषांचें खरें काम होय.

कॅलिफोर्निया संस्थानानें या कामीं जी व्यवस्था केली आहे ती पुष्कळ विचारपूर्वक केलेली असल्यामुळें तिचा तपशील सांगण्यासारखा आहे. ज्या प्रदेशांत वस्ती आहे तेथील नोंदलेल्या मतदारांपैकीं निदान शेंकडा २५ जणांनीं अर्जावर सह्या केल्या पाहिजेत. हा अर्ज परगण्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो. तो सह्या तपासतो व अर्ज परगण्याच्या शाळा-जिल्हा-रचना समितीकडे पाठवितो. समितीनें संबंधित जिल्ह्यांत जाहीर सभा भरवून सर्वांचें म्हणणें ऐकलें पाहिजे. प्रदेश लहान असेल, म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या करपात्र मालमत्तेच्या शेंकडा दहाहून कमी मालमत्ता त्यांत असेल, आणि सर्व संबंधित मंडळांची संमति असेल, तर निवडणुकीवांचूनही बदल मंजूर करतां येतो. एरवीं समितीनें मान्यता दिल्यावर प्रश्न मतास टाकला जातो. समितीचा निर्णय न पटल्यास संस्थानच्या शिक्षणमंडळाकडे अपील आहे. परंतु या सर्व पायऱ्यांच्या मुळाशीं जी गोष्ट आहे ती म्हणजे नऊ अटींची. या नऊ अटी बहुतांशीं पुऱ्या झाल्यावांचून बदल सामान्यतः मंजूर होत नाहीं. आणि त्या पुऱ्या झाल्या तरी मंजुरी हा अर्जदारांचा हक्क ठरत नाहीं, समितीस विवेक राखून ठेविलेला आहे.

पहिली अट विद्यार्थिसंख्येची. बदलानंतर प्रत्येक जिल्हा आपल्या पायांवर उभा राहण्याइतका मोठा असला पाहिजे. प्राथमिक जिल्ह्यास निदान ९०१, हायस्कुलांच्या जिल्ह्यास ३०१ व दोन्ही मिळून चालणाऱ्या संयुक्त जिल्ह्यास १,५०१ विद्यार्थी, असें माप नियमांनीं ठरविलें आहे. दुसरी अट लोकजीवनाच्या ऐक्याची. जिल्ह्यांतील लोक खरोखर एका समाजाचे आहेत काय? हें पाहतांना वस्तीचें एकाकीपण, भूगोल, सामाजिक केंद्रांमधील व शाळांमधील अंतर, जमिनीचे चढउतार, हवामान, लोकांचे परस्परसंबंध, इतक्या गोष्टी तपासल्या जातात. ही अट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, कारण ओढ्यापलीकडच्या वस्तीचा खरेपणा तिच्यानेंच सिद्ध होतो. रस्ता कोठून जातो व पूर कोठें येतो, हें खोटें सांगतां येत नाहीं.

तिसरी अट मालमत्तेच्या न्याय्य वांटणीची. एकत्र कुटुंब वेगळें होतांना किंवा भागीदारी मोडतांना जसा घरदार, उधारी व कर्ज या सर्वांचा हिशेब होतो, तसाच येथें व्हावा लागतो. सरकणाऱ्या प्रदेशांत शाळेची इमारत नसेल तर त्या प्रदेशावरील जुन्या जिल्ह्याच्या कर्जरोख्यांचा भार सुटतो व तो नव्या जिल्ह्याच्या कर्जाचा प्रमाणशीर वांटा आपोआप उचलतो. इमारत असेल तर ती ज्याच्या वांट्यास जाईल त्यानें तिच्यापाठीमागचें ऋणही पत्करावयाचें असतें. वाड्याचा दिवाणखाना घ्यावयाचा आणि गहाणखत भावाच्या गळ्यांत मारावयाचें, हा प्रकार चालत नाहीं.

चौथी अट त्या देशाच्या इतिहासांतील सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. बदलामुळें कोणत्याही जिल्ह्याची सर्व वंशांच्या मुलांस एकत्र शिकविण्याची शक्ति कमी होतां कामा नये, व भेदभावास वा विभक्तपणास उत्तेजन मिळतां कामा नये. येथें केवळ आजची शिरगणती पाहून भागत नाहीं. बदलापूर्वीचें व नंतरचें प्रमाण, लोकवस्तीच्या वाढीचा कल, मुलांना पडणारें अंतर व रस्त्यांची सुरक्षितता, आणि विभक्तपणा दूर करण्याचें त्या त्या मंडळाचें कर्तव्य, हीं सर्व विचारांत घ्यावीं लागतात.

पांचवी व सातवी या अटी खर्चाच्या आहेत. पांचव्या अटीप्रमाणें संस्थानच्या तिजोरीवर व सातवीप्रमाणें शाळांच्या इमारतींवर पडणारा वाढीव खर्च नगण्य व आनुषंगिक असला पाहिजे. सहावी अट अशी कीं, शिक्षणाचा दर्जा कायम राहावा व चालू कार्यक्रमांत मोठा व्यत्यय येऊं नये. नववी अट जमाखर्चाची: कोणत्याही जिल्ह्याची आर्थिक स्थिति खालावतां कामा नये. आणि आठवी अट तर आमच्या मतें सर्वांत धीट आहे. या बदलाचा मुख्य हेतु मालमत्तेची किंमत वाढविणें हा असतां कामा नये, असें ती स्पष्ट शब्दांत सांगते. घरें बांधून विकणाऱ्या सावकारानें पलीकडच्या जिल्ह्याचें नांव जाहिरातींत घालतां यावें म्हणून मुलांचें हित पुढें करावें, हें कायद्यानें ओळखलें आहे व त्याला नांवानें हांक मारली आहे. कायद्याची भाषा इतकी उघड क्वचित् असते.

इलिनॉय संस्थानांत हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेनें सोडविला जातो. तेथें नऊ अटींची यादी नव्हे, तर तराजू हें मुख्य साधन आहे. वेगळा होऊं पाहणारा प्रदेश व तो ज्यांत जाणार तो जिल्हा यांचा होणारा एकंदर लाभ एका पारड्यांत, व ज्या जिल्ह्यांतून प्रदेश जाणार त्याची व आसपासच्या सर्व समाजाची हानि दुसऱ्या पारड्यांत; पहिलें पारडें स्पष्टपणें जड झालें तरच परवानगी. मुलांचें शैक्षणिक कल्याण त्यांत प्रमुख. शाळेबाहेरच्या जीवनाशीं, म्हणजे शेजार, खेळ, मंदिर, बाजार यांच्याशीं, मुलाचा संबंध कोठें जुळतो, हेंही तेथील न्यायालयें पाहतात. यादीचा गुण असा कीं, एकही गोष्ट विसरली जात नाहीं. तराजूचा गुण असा कीं, मागें राहिलेल्यांचें दुःख प्रत्येक खेपेस मोजावेंच लागतें. आमच्या मतें दोहोंची गरज आहे.

हे निकष बसल्या जागीं कोणा पंडितानें सुचविलेले नाहींत. ते कज्जेदलालीच्या धगींतून निघाले आहेत. जुना कायदा असा होता कीं, संस्थान सरकार आपल्या पोटविभागांच्या शिवा आपल्या इच्छेस येईल तशा बदलूं शकतें. पिट्सबर्गच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९०७ सालीं तसें स्पष्ट म्हटलें होतें. परंतु १९५४ सालीं काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्यावर या अनिर्बंध सत्तेचा निराळाच उपयोग होऊं लागला. एकत्र बसावें लागेल असें दिसतांच नवी शींव आंखून बाहेर पडावयाचें, ही युक्ति निघाली. व्हर्जिनियांतील एम्पोरिया हें गांव १९६७ सालीं स्वतंत्र शहर झालें, व १९६९ सालीं ग्रीन्सव्हिल परगण्याच्या शाळा एकत्र करण्याचा हुकूम सुटतांच त्यानें आपल्या शाळा वेगळ्या काढण्याचें ठरविलें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तें अडविलें. त्या निकालांतील मर्म असें कीं, न्यायाधीशानें वेगळें होणाऱ्याच्या मनांतील हेतु शोधीत बसूं नये. त्याच्या कृत्याचा परिणाम काय होतो तें पाहावें. त्याच दिवशीं नॉर्थ कॅरोलिनांतील स्कॉटलंड नेक या गांवासाठीं कायदेमंडळानें केलेला वेगळेपणाचा कायदाही न्यायालयानें रद्द ठरविला, आणि तेथें नऊही न्यायाधीशांचा निर्णय एक होता.

दोनच वर्षांनीं मात्र वारें फिरलें. डेट्रॉइट शहराच्या शाळांतील विभक्तपणा घालविण्यासाठीं खालच्या न्यायालयानें भोंवतालचे ५३ उपनगरी जिल्हे योजनेंत ओढले होते. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पुन्हा पांच विरुद्ध चार मतांनीं, ती योजना मोडून काढली. ज्या उपनगरी जिल्ह्यांनीं अपराध केल्याचें सिद्ध झालें नाहीं त्यांच्या शिवा ओलांडतां येणार नाहींत, असें ठरलें. परिणाम उघड आहे. शींव हीच तटबंदी झाली. जो शिवेपलीकडे राहावयास गेला तो सुरक्षित. आणि ज्यास घर हलवितां येत नाहीं त्यास शींवच हलविण्याचा मोह. हा मोह अद्याप गेलेला नाहीं. अलाबामांतील गार्डनडेल या गांवानें जेफर्सन परगण्याच्या शाळांतून फुटून निघण्याचा प्रयत्न केला. २०१७ सालीं न्यायाधीशास त्यांत वंशभेदाचा हेतु दिसला, तरीही कांहीं अंशीं परवानगी मिळाली. वरिष्ठ न्यायालयानें २०१८ सालीं ती परवानगीही काढून घेतली. ज्या घटनेस पन्नास वर्षें होत आलीं असें वाटावें, ती कालपरवांची निघाली.

सर्वच झगडे वंशाचे नसतात. पुष्कळदां मुळाशीं पैसा असतो. कॅलिफोर्नियांत १९७१ व १९७६ सालच्या सेरानो खटल्यांतील निकालांनीं श्रीमंत व गरीब जिल्ह्यांतील उत्पन्नाची विषमता कमी करण्यास भाग पाडलें. १९७८ सालीं जनमतानें मालमत्ता-करास किंमतीच्या शेंकडा एक अशी मर्यादा घातली, व शाळांच्या खर्चाचा मोठा भार संस्थानच्या तिजोरीवर गेला. तरीही ज्या जिल्ह्यांचें स्थानिक कराचें उत्पन्न संस्थाननें ठरविलेल्या मापाहून अधिक भरतें, त्यांस तें वरकड उत्पन्न आपल्याकडे ठेवतां येतें. म्हणून जमिनीच्या किंमतीचा प्रश्न संपलेला नाहीं. सांता मोनिका व मालिबू हीं समुद्रकांठचीं दोन शहरें एकाच शाळा-जिल्ह्यांत आहेत. तीं परस्परांस लागून नाहींत. मधें दुसरा प्रदेश पसरलेला आहे. मालिबूच्या नगरमंडळानें २०१७ सालीं वेगळ्या जिल्ह्यासाठीं अर्ज केला. लोकजीवनाच्या ऐक्याच्या दृष्टीनें त्याच्या म्हणण्यांत अर्थ होता. मुलांना पडणारें अंतर खरें होतें. परंतु मालिबूचीं किनाऱ्यावरील घरें अतिशय मोलाचीं व मुलें त्या मानानें थोडीं. तीं घरें निघून गेल्यास सांता मोनिकाच्या मुलांचें काय, हा प्रश्न पुढें आला. २०२२ सालीं दोन्ही पक्षांनीं मध्यस्थामार्फत समझोत्याची जी रूपरेषा आंखली तिच्यांत कराचें उत्पन्न पुढील काळांत कसें वांटून घ्यावें, हाच मुख्य विषय होता. वेगळें व्हावें, पण भावाची चूल विझूं देऊं नये, हें आमच्या जुन्या वांटणीपत्रांतील शहाणपण तेथेंही आठवावें लागलें.

आतां मताधिकाराकडे वळूं. शींव बदलावी कीं नाहीं हें कोणीं ठरवावें? जे जाऊं इच्छितात त्यांनींच, कीं मागें राहणाऱ्यांनींही? सकृद्दर्शनीं लोकशाहीचें उत्तर सोपें वाटतें: ज्यांचें गांव त्यांचें मत. परंतु भागीदारी मोडण्याचा ठराव फक्त बाहेर पडणाऱ्या भागीदारानेंच मंजूर करावा, असें कोणता व्यापारी म्हणेल? ऑरेंज परगण्यांतील योर्बा लिंडा या भागानें फुलर्टनच्या हायस्कूल-जिल्ह्यांतून निघून आपला स्वतंत्र जिल्हा करावा, व त्यावर मत फक्त योर्बा लिंडाच्या लोकांनीं द्यावें, असें ठरलें होतें. १९८२ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तें मतदान नामंजूर केलें. मागें राहणाऱ्यांस मताबाहेर ठेवणें समान संरक्षणाच्या तत्त्वास सोडून आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढें १९९२ सालीं, सिट्रस हाइट्स या वस्तीस स्वतंत्र शहर करण्याच्या खटल्यांत, त्याच न्यायालयानें ती कडक भूमिका सोडली व मर्यादित मतदान चालूं दिलें. न्यायालयांत मतभेद असला तरी नीतीच्या दृष्टीनें आमचें मत ठाम आहे. ज्याच्या घराचा खांब काढावयाचा आहे त्यास विचारल्यावांचून खांब काढूं नये.

या सर्व विवेचनावरून आम्हांस जें वाटतें तें थोडक्यांत सांगतों. निकष असणें ही मोठी गोष्ट आहे. निकषांवांचून केवळ बहुमत हें संख्येच्या बळावर चाललेलें बांध-कोरणें होईल. परंतु या निकषांत चार उणीवा आहेत व त्या भरून काढण्याजोग्या आहेत.

पहिली उणीव अशी कीं, प्रत्येक अर्ज एकटा तोलला जातो. समजा, एका जिल्ह्याचें उत्पन्न शंभर रुपये आहे व एका अर्जानें त्यांतले दोन रुपये आणि शंभर मुलांपैकीं एक मूल जातें. हा तोटा नगण्य ठरेल व अर्ज मंजूर होईल. पण असे दहा अर्ज एकापाठोपाठ आले तर वीस रुपये गेले आणि मुलें गेलीं दहाच. शाळेचें छप्पर, मुख्याध्यापकाचा पगार, कर्जाचा हप्ता, यांपैकीं कांहींच त्या प्रमाणांत उतरत नाहीं. एक उंदीर पोत्यास लहानसें भोंक पाडतो, परंतु वखारवाला पोतें पाहून नव्हे, वखार पाहून हिशेब करतो. म्हणून मागील कांहीं वर्षांत त्या जिल्ह्यांतून काय काय गेलें, याची एकत्र खतावणी प्रत्येक अर्जाच्या वेळीं समितीपुढें असली पाहिजे.

दुसरी उणीव पुराव्याच्या भाराची. आठव्या अटीप्रमाणें किंमत वाढविणें हा ‘मुख्य हेतु’ नसावा. परंतु हेतु कोण कबूल करतो? एम्पोरियाच्या निकालानें दाखविलेली वाट येथेंही धरावी. हेतूऐवजीं परिणाम पाहावा, आणि परिणाम निरुपद्रवी आहे हें दाखविण्याचा भार शींव हलवूं पाहणाऱ्यावर टाकावा. तिसरी उणीव अशी कीं, सौम्य उपाय पुरेसे तपासले जात नाहींत. कॅलिफोर्नियांत एका जिल्ह्यांतील मुलास दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेंत जाण्याचा परवाना मिळूं शकतो. मोटारगाडीची सोय करतां येते. ओढ्यावर पूल बांधतां येतो. मुलाची अडचण मुलाला हलवून भागत असेल तर जमीन हलविण्याचें कारण काय? जे पालक अशी सोय मिळत असतांही ती नाकारून शींवच बदलून मागतात, त्यांचा अर्ज अधिक बारकाईनें पाहावा. चौथी व सर्वांत मोठी उणीव म्हणजे मागें राहणाऱ्या मुलांची बाजू मांडणारें कोणी हटकून असतेंच असें नाहीं. अर्जदार संघटित असतात, त्यांना वकील मिळतो, सभेस यावयास वेळ मिळतो. ज्यांच्या शाळेंतून संगीताचा शिक्षक किंवा ग्रंथालय उद्यां कमी होणार, त्या मजुरांना त्या सभेची वार्ताही नसते. त्यांच्या वतीनें उभें राहणारा एक मनुष्य कायद्यानेंच नेमला पाहिजे.

आमच्या या मतावर एक आक्षेप येईल, व तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, आई-बापांनीं आपल्या मुलाचें हित पाहावें, साऱ्या जिल्ह्याचें ओझें त्यांच्या डोक्यावर कशाला? यास आमचें उत्तर असें: आई-बापांनीं आपल्या मुलाचें हित अवश्य पाहावें, तें त्यांचें कर्तव्यच आहे. परंतु शाळा-जिल्हा ही एका घराची तिजोरी नव्हे. त्याच्या इमारती शेजाऱ्यांच्या करांतून उभ्या राहिल्या, त्याचे शिक्षक सर्वांच्या पैशानें तयार झाले. सामाईक विहिरीचें पाणी आपल्या शेतांत वळवून घेतांना इतरांच्या वाफ्यांत काय उरतें, हें पाहण्याचें बंधन प्रत्येक वांटेकऱ्यावर आहे. आणि दुसरें असें कीं, वाईट शाळा सुधारण्याची आवाज असलेल्या माणसांवर जी सक्ति असते, ती त्यांना बाहेर पडूं दिल्यानें संपते. ज्यांना बोलतां येतें ते निघून जातात, व ज्यांना बोलतां येत नाहीं ते मागें राहतात.

आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे. येथें शाळांसाठीं स्वतंत्र करवसुली करणारे जिल्हे नाहींत. महाराष्ट्रांत २०११ सालच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असें अंतराचें माप घातलें आहे. तरीही शिवेचा प्रश्न आपणांस अपरिचित नाहीं. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं ११ गांवें व २०२१ सालीं आणखी २३ गांवें घेण्यांत आलीं. अशा वेळीं वृत्तपत्रांत चर्चा होते ती करांची, पाण्याची, बांधकामाच्या परवान्यांची. गांवांतील जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत, तिचे शिक्षक, तिचा खर्च आणि तिचीं मुलें कोणाच्या पदरांत कोणत्या अटींवर पडलीं, हा प्रश्न बहुधा शेवटच्या ओळींत येतो. हद्दवाढीचा प्रत्येक ठराव करण्यापूर्वीं शाळांपुरता एक स्वतंत्र ताळेबंद जाहीर करावा, आणि गांवकऱ्यांनीं तो मागून घ्यावा, एवढी सूचना त्या दूरदेशीच्या अनुभवावरून करण्यास हरकत नाहीं. दुकान हस्तांतरित करतांना जो व्यापारी मालाची मोजदाद केल्यावांचून किल्ली हातीं घेत नाहीं, त्यानें आपल्या गांवची शाळा न मोजतां दुसऱ्याच्या हवालीं होऊं द्यावी, हें शोभणारें नाहीं.

शींव बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. नदी पात्र बदलते, रस्ते नवे होतात, वस्त्या सरकतात; शिवेनें त्यांच्याबरोबर सरकलें पाहिजे. परंतु ती हलविण्यापूर्वीं दोन्ही अंगांच्या मुलांची गणति व्हावी, दोन्ही अंगांच्या हिशेबाच्या वह्या उघडाव्या, दोन्ही अंगांच्या लोकांस बोलूं द्यावें. जो बदल या तीन गोष्टी सोसूं शकतो तो न्यायाचा आहे. ज्यास त्यांची भीति वाटते, तो दिवसाच्या उजेडांत झाला तरी बांध कोरण्याहून निराळा नाहीं.